हिंगाचं ताक

बाटलीचं सील तुटल्याचा आवाज तो केवढासा, पण त्या आवाजानं प्रणिताच्या हातातला कप कलंडला आणि निम्मा चहा बशीत आला. केंद्रात सकाळच्या अकराच्या चहाची वेळ होती. नव्या तुकडीचे नऊजण अर्धगोलात खुर्च्या टाकून बसले होते, पहिल्या दिवशी माणसं बसतात तसे, एकमेकांकडे न बघता. ट्रे फिरला तसा प्रत्येकानं आपापला कप उचलला. फक्त कडेच्या खुर्चीवरच्या एका बाईनं मानेनंच नको म्हटलं, पिशवीतून पाण्याची बंद बाटली काढली, ती खिडकीकडे धरून तिचं बूच निरखलं, अंगठा बुचाच्या कडेवरून सावकाश गोल फिरवला आणि मग पिरगाळलं. बिस्किटांचा पुडाही तिचा स्वतःचा होता. तोही तिनं दोन्ही टोकं तपासूनच फोडला. तेवीस वर्षं मनोरुग्णांच्या कामात काढलेल्या प्रणिताला त्यात नवल वाटण्याचं काही कारण नव्हतं. असं तपासून खाणारी माणसं तिनं ढिगानं पाहिली होती. पण तो अंगठा. तो सावकाश फिरणारा अंगठा तिनं आधी कुठंतरी पाहिला होता, पण कुठं ते आठवेना. बाई घोटभर पाणी प्यायली, ओढणीला तोंड पुसलं आणि हसून मराठीत म्हणाली, "मॅडम, मला वळखलं नाय का तुम्ही? मी राणी. अंबरपेठची. तारामतीची राणी."

"अगं हो, राणी!" प्रणिता म्हणाली. हे 'अगं हो' तिच्या पेशातलं होतं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. त्याच्या मागं लपायला भरपूर जागा असे. तिनं राणीची चौकशी केली, हात बरे आहेत का विचारलं, आई कशी आहे विचारलं, आणि हे सगळं विचारत असताना मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत राहिली, की ही इथं कशी आली, हैदराबादेत केंद्रं काय कमी आहेत, हिला नेमकं हेच सापडावं? मग स्वतःचीच लाज वाटली. राणी इथं येण्यात काहीच चुकीचं नव्हतं. तारनाक्याच्या गल्लीतलं हे दुमजली घर एका ट्रस्टनं मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांसाठीच चालवलं होतं, आणि ही नवी तुकडी तर त्यातही खास होती. 'साथी' म्हणायचे त्यांना. स्वतः आजार भोगलेल्या, आता सावरलेल्या माणसांना सहा आठवडे शिकवायचं आणि मग नव्या रुग्णांच्या, त्यांच्या घरच्यांच्या सोबतीला द्यायचं, अशी कल्पना. ज्याचं जळतं त्याला कळतं, या म्हणीवर उभी राहिलेली नोकरी. कल्पना प्रणिताचीच होती. तिनंच वर्षभर संचालकांच्या मागं लागून ती गळी उतरवली होती. आता ती कल्पना खुर्चीवर बसून बिस्कीट खात होती आणि प्रणिताकडे मोठ्या विश्वासानं बघत होती.

त्या दिवशी मेट्रोच्या जिन्यावर तिला दम लागला. वय सत्तेचाळीस, गुडघे अजून शाबूत, दम लागायचं कारण नव्हतं. डब्यात दाराशी उभी राहून ती खालच्या रस्त्यावरची वाहनं बघत राहिली आणि तिला तिच्या मावशीचा जुना प्रश्न आठवला. प्रत्येक लग्नात मावशी विचारायची, "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग त्या दवाखान्यात करतेस तरी काय गं?" प्रणिता हसून सांगायची, "डॉक्टर पाच मिनिटं बोलतात मावशी. उरलेलं मी बोलते." सोशल वर्करचं काम याहून थोडक्यात सांगता येणार नाही. आजार काय आहे ते घरच्यांना समजावणं, त्यात कुणाचा दोष नाही, करणी नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही हे समजावणं, औषध कसं द्यायचं ते समजावणं. समजावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेलुगूत समजावी, हिंदीत समजावी, आणि चुकून कुणी मराठी निघालं तर मग काय विचारता! बोलणं संपलं तरी माणूस उठत नसे आणि तिलाही उठवावंसं वाटत नसे.

तारामतीही अशीच चुकून मराठी निघाली होती. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा प्रणिता एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती आणि दर गुरुवारी दवाखान्याची एक गाडी अंबरपेठच्या समाजमंदिरात जायची. एक डॉक्टर, एक सोशल वर्कर, औषधांची पेटी आणि एक लांबट रजिस्टर. चार-पाच तासांत साठ-सत्तर माणसं. त्या गर्दीत एक नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली बाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा नंबर आला तेव्हा ती तुटक्या तेलुगूत दोन शब्द बोलून अडली. मग आपल्याशीच पुटपुटली, "कसं सांगू मी आता ह्येला." प्रणितानं मान वर केली. हा हेल तिच्या आईचा होता. भालकीकडचा, उदगीरकडचा, निजामाच्या जुन्या मुलखातला, शब्दाचं टोक जरा वर उचलणारा. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्या वर्षात असा हेल प्रणितानं कानानं ऐकला नव्हता. घरात नवरा सुरेश पुण्याचा, त्याची मराठी वेगळी, इस्त्री केलेली. "मला सांगा मावशी," ती म्हणाली, आणि तारामतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"लेकरू झोपंना गेलंय हो बाई," तारामती म्हणाली. "सासरहून आलंय तवापासून. रातभर भित्तीकडं तोंड करून बसायलंय. आंघुळ नाही, येणी नाही. गोळी दिली की थुकून टाकायलंय. इतकी हुशार पोरगी हो, ब्लाउजावर जरीचं काम करायची, मग्गमच्या चौकटीवर, बेगमबाजारच्या दुकानवाल्या शोधत यायच्या. म्या एकली काय करू?" डॉक्टरांनी न बघितलेल्या पोरीसाठी थेंबांचं औषध लिहिलं. तेव्हा असं सर्रास चाले, अजूनही चालतं. गोळी न घेणाऱ्या माणसाला घरच्यांनी जेवणाखाण्यातून थेंब द्यायचे. डॉक्टर पुढच्या नंबराकडे वळत म्हणाले, समजावून सांगा यांना. आणि प्रणितानं समजावून सांगितलं. तिनं आजवर कुणाला समजावलं नसेल इतक्या मायेनं समजावलं. चहात नका घालू मावशी, ती चहा पिईल न पिईल. ताक पिते का? मग ताकात घाला. ताक आंबट असू द्या, वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्या, हिंग जरा सढळ हातानं, म्हणजे चव कळायची नाही. बाटली तिच्या नजरेला पडू देऊ नका, देव्हाऱ्यामागं ठेवा. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. तिला हे कधी म्हणजे कधीच सांगायचं नाही. एकदा कळलं की ती तुमच्या हातचं खायची नाही. तारामतीनं खरोखरच पदराला गाठ मारली. हिंग कुठला घेऊ, आमच्या घरात कुणी खात नाही, असं तिनं विचारलं, तर प्रणितानं अफझलगंजमधलं तिच्या आईचं नेहमीचं दुकानही सांगून टाकलं. ती दोघींची भेट म्हणजे प्रणिताच्या त्या वर्षातला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास होता, हे आता मेट्रोच्या डब्यात आठवताना तिचे कान गरम झाले.

पुढचं तिला आठवायचं नव्हतं. पण आठवणीला कुठं दाराची कडी असते! तीन महिन्यांनी राणीला दवाखान्यात भरती केलं. थोडी बरी झाली होती, झोपायला लागली होती, आणि मग एकाएकी तिनं जेवणच सोडलं. आजाराचा इतिहास लिहून घ्यायला मराठी येणारी म्हणून प्रणितालाच बोलावलं. लोखंडी टेबल, एका बाजूला राणी, भिंतीलगतच्या बाकावर तारामती. राणीचे हात थरथरत होते, औषधानं थरथरतात तसे. सुईत दोरा जाईना म्हणून मग्गम गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. ती हळू आवाजात, अगदी शहाण्या माणसासारखी बोलली. "मॅडम, आई ताकात काहीतरी घालतीय. आमच्या घरात हिंग कुणी खात नव्हतं. आता रोज हिंगाचं ताक. मला एकटीलाच. ती स्वतः कधी पीत नाही. मी विचारलं तर रडती, पण सांगत नाही." बोलता बोलता ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाच्या कडेवरून अंगठा गोल फिरवत होती. प्रणितानं लिहिलं: आपल्या अन्नात घरचे काहीतरी मिसळतात असा पक्का संशय, वासाबद्दलही संशय, समजावूनही हटत नाही. खाली स्वतःची सही केली. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद वाचला आणि औषध वाढवलं. घरी गेल्यावर वाढलेले थेंब त्याच ताकात पडले. राणीनं पुन्हा विचारलं, पुन्हा ते लिहिलं गेलं, पुन्हा औषध वाढलं. असं दीड वर्ष. मग एक दिवस राणीनं विचारणं बंद केलं, आणि कागदावर 'सुधारणा' असा शब्द आला.

इतकी वर्षं प्रणितानं स्वतःला एक गोष्ट सांगून ठेवली होती, की तेव्हा तिच्या लक्षातच आलं नाही. समाजमंदिरातलं रजिस्टर वेगळं, दवाखान्यातली फाईल वेगळी; सत्तर माणसांतली एक तारामती, तीन महिने मध्ये गेलेले; माणूस आहे, विसरतो. ही गोष्ट तिला इतकी पाठ होती की खरीच वाटायची. पण राणीच्या अंगठ्यानं ती पार उसवली. कारण आता तिला टेबलापलीकडचा बाक दिसत होता आणि बाकावरची तारामती दिसत होती. राणी 'हिंग' म्हणाली त्या क्षणी तारामतीनं मान वर करून प्रणिताकडे बघितलं होतं. सांगू का, असं विचारणारी नजर होती ती. आणि प्रणितानं ती नजर ओळखली होती. ओळखली, मान खाली घातली आणि लिहीत राहिली. का? सांगितलं असतं तर राणीनं आईच्या हातचं अन्न कायमचं सोडलं असतं, हे खरं होतं. डॉक्टर चिडले असते, हेही खरं. औषध लागू पडत होतं, पोरगी झोपत होती, तेही खोटं नव्हतं. राणी आजारी होती. आजारही खरा आणि ताकही खरं. पण या सगळ्या खऱ्यांच्या तळाशी आणखी एक बारकं खरं होतं, की आपलं चुकलं हे त्या दोघी मायलेकींच्या समोर म्हणायची तिला भीती वाटली होती. एवढंच. एवढ्यासाठी एका बाईला अकरा वर्षं बाटलीचं बूच तपासायला लागलं.

सहा आठवडे ती रोज सकाळी ठरवून निघायची, की आज राणीला बाजूला घेऊन सांगायचं. आणि रोज काही ना काही निघायचं. कधी तुकडी मध्ये असायची, कधी राणीच इतकी खुशीत असायची की तिच्या तोंडावर हे कसं फेकावं. राणी शिकायलाही फार चांगली निघाली. कुणी नवा रुग्ण ओरडायला लागला तर बाकीचे मागं सरकत, ही जवळ जाऊन नुसती बसे. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला ती 'आवाज नाहीत' असं कधी म्हणत नसे, "तेरेको सुनने में आते ना? फिर आते. मेरेको नहीं आते, इतनाच फरक," म्हणे. अकरा वाजता मात्र बाटली, बूच, अंगठा. प्रणिता त्या वेळेला फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जाऊ लागली. घरी तिनं सुरेशला सांगितलं, तर रेल्वेच्या ऑफिसात फायली हलवण्यात जन्म गेलेला तो माणूस वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "गाडलेली मढी कशाला उकरतेस? आणि तू? तू तर आमटी खारट झाली तरी समुद्राची चूक म्हणतेस." एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. घर तेच, ओटा तोच, पण भिंती दोन-दोन बोटं आत सरकल्यासारखं वाटत होतं. खिडकी उघडी होती तरी हवा पुरत नव्हती. हे काय होतंय याचं इंग्रजी नाव तिला माहीत होतं. शंभर जणांना तिनं ते समजावून दिलं होतं. स्वतःला समजावायला गेली तर एक वाक्य पुरं होईना.

शेवटच्या आठवड्यात तारामतीचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता, हेल तोच. "बाई, पोरगी म्हनायलीय शुक्रवारी मुलाखत हाय. तुमी बी असनार म्हनं. बाई, तुमच्या पाया पडते, त्ये सांगू नका. तुमीच गाठ मारायला लावली व्हती. अकरा वर्सं झाली, म्या देवाम्होरं बी बोल्ले नाही. आता तर थेंब बी बंद झालेत, गोळी ती आपल्या हातानं घेतीया. पर तिला कळलं तर ती मला आई म्हनंल का हो?" प्रणिता म्हणाली, "नाही मावशी, नाही सांगत." फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण आता चारी बाजूंनी बांधले गेलो आहोत आणि प्रत्येक गाठ आपल्याच हातची आहे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी संचालकांनी तिला बोलावलं. डॉक्टर केशवराव भला माणूस, वरंगळकडचा, आवाज न चढवणारा. मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण तिच्याशी बोलताना मुद्दाम हिंदी वापरायचा. दवाखान्यातून आलेली राणीची जुनी फाईल त्याच्यासमोर उघडी होती. "प्रणिता गारू, ये आपकीच लिखावट है ना?" कागद पिवळा पडला होता, सही मात्र कालच केल्यासारखी ठसठशीत. केशवराव म्हणाला, की मुलगी उत्तम आहे, पण हा संशय दीड वर्ष हटला नव्हता, आणि परवा गटात बोलताना ती पुन्हा तेच म्हणाली असं ऐकलं. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात 'आजाराची जाण' लिहायची असते. जो माणूस स्वतःचा भ्रम अजून खरा मानतो त्याला दुसऱ्या रुग्णाच्या घरी कसं पाठवायचं? मी विचारीन. ती 'वो बीमारी थी' म्हणाली तर सोमवारपासून कामावर. नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी बघू. त्याचं काहीच चुकत नव्हतं. तो रकानाही प्रणितानंच फॉर्ममध्ये घातला होता. ती म्हणाली, "हाँ सर." बाहेर आल्यावर तिला कळलं की सांगायची सगळ्यात सोपी संधी आत्ताच समोर बसून गेली.

शुक्रवारी राणी मोरपंखी रंगाचा कुर्ता घालून आली. गळ्याशी जरीची बारीक वेल होती. "मीच काढली," ती म्हणाली, "हात आता थांबतात." खोलीत तिघंच होती. केशवरावनं इकडचं तिकडचं विचारलं, राणीनं चोख उत्तरं दिली, ती हसली, तो हसला. मग त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राणी जी, एक बात. पहले आपको लगता था, घरवाले खाने में कुछ मिलाते. अब क्या लगता?"

राणीनं हात मांडीवर घेतले. तिला उत्तर माहीत होतं. दवाखान्यातून सुटण्यासाठी ते तिनं एकदा दिलंच होतं. पण आज ती म्हणाली, "सर, मिलाते थे."

"मतलब अभी भी लगता?"

"लगता नहीं सर. मिलाते थे." तिचा आवाज शांत होता. "यहाँ झूठ बोलूँगी तो कल उन लोगों को क्या बोलूँगी?"

केशवरावला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानं पेन उचललं आणि फॉर्मच्या शेवटच्या रकान्याकडे नेलं. ते पेन कागदाला टेकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ होता. प्रणिताचं तोंड उघडलं. जे शब्द आले ते ना तेलुगू होते ना हिंदी. ते भालकीकडचे होते, तिच्या आईचे, भराभर, टोकं वर उचललेले. "राणी, तुजं खरं हाय. ताकात व्हतं. तुज्या आईला म्याच सांगितलं व्हतं, हिंग घाल म्हनून. म्याच लिवलं तुजं खोटं हाय म्हनून. तवा बी मला ठावं व्हतं."

केशवराव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "क्या बोले?" त्यानं विचारलं. प्रणितानं तोंड उघडलं आणि मिटलं. हिंदीतलं एक वाक्य. तेवढंच हवं होतं. ते वाक्य तिला पुरतं दिसत होतं, आणि येत नव्हतं. आणि त्याच क्षणी तिला आणखी काहीतरी दिसलं, ज्यानं तिची तिलाच शिसारी आली: एवढ्या कढातही तिनं 'औषध' हा शब्द टाळला होता. तेलुगूतही औषधाला तोच शब्द आहे. केशवरावला तो कळला असता.

राणी प्रणिताकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर प्रणिताला बरं वाटलं असतं. राग नव्हता. खूप लांबून चालत आलेलं माणूस पायरीवर बसतं, तशी ती खुर्चीत जरा मागं टेकली. मग केशवरावकडे वळून ती अगदी सहज म्हणाली, "मैडम बोले, डरो मत, सच्ची बात बोलो." आणि थांबून, "सर, मैं गलत बोली. वो मेरी बीमारी थी. मेरी माँ कुछ नहीं मिलाती थी."

केशवरावचा चेहरा उजळला. "देखे?" तो प्रणिताला म्हणाला. "आपके एक बात करने से खुल गई." शेवटच्या रकान्यात त्यानं 'पूर्ण' असं लिहिलं आणि फॉर्म प्रणितापुढं सरकवला. खाली दोन सह्या लागत. तिनं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

व्हरांड्यात राणी तिची वाट बघत उभी होती. प्रणिता म्हणाली, "मी उद्या सरांना सांगते. सगळं लिहून देते. राणी, मी..." राणीनं मान हलवली. "नक्को मॅडम. मग मी आत्ता खोटं बोलले म्हणून काढतील मला. राहू द्या." ती खाली रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला एवढंच पाहिजे होतं, कुणीतरी हौ, खरं आहे म्हणावं. कधी कधी वाटायचं, मी खरंच वेडी आहे की काय. आता झालं." मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "फक्त एक करा. आईला सांगू नका, मला कळलं म्हणून. म्हातारी झाली आता. तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

संध्याकाळी तारामतीचा फोन आलाच. पोरीला नोकरी लागल्याचा आनंद तिला बोलू देत नव्हता. मग घाबरत तिनं विचारलं, "तुमी काही बोल्ला न्हाईत ना बाई?" प्रणिता म्हणाली, "नाही मावशी." "देव तुमचं भलं करो," तारामती म्हणाली. "शब्द राखला तुमी." प्रणितानं फोन बंद केला आणि तो किती तरी वेळ पालथा घालून ठेवला.

सोमवारी राणी साडेनऊला आली. गळ्यात नवं ओळखपत्र, हातात स्टीलची बरणी. ती सरळ प्रणिताच्या खोलीत आली, बरणीचं झाकण उघडलं आणि टेबलावरच्या ग्लासात ताक ओतलं. "आईनं दिलंय. म्हणाली, बाईंना दे, त्यांचे उपकार आहेत." ग्लास भरून ती तिथंच उभी राहिली. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं. पहिल्याच दिवशी एक बाई आपल्या न बोलणाऱ्या मुलाला घेऊन आली होती. राणी हलली नाही. प्रणितानं ग्लास उचलला. तिचा अंगठा काठावर होता, तो तिनं मुद्दाम उचलून घेतला. घोट घोट करत तिनं सगळं ताक संपवलं, तळाशी एक थेंब न ठेवता, आणि रिकामा ग्लास खाली ठेवला. राणीनं तो उचलून उजेडात धरून बघितला.

"आज हिंग नाही घातला तिनं," ती म्हणाली, आणि ग्लास धुवायला घेऊन गेली.